रंग आणला, रीत राहिली

(इचलकरंजी येथे कापड-प्रक्रिया व्यावसायिक व रंगाई कामगारांसमोर केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



आरंभीच एक कबुली देतो. मी कलाशाखेचा पदवीधर आहे. सारे आयुष्य वृत्तपत्रात गेले. गणिताशी माझा औपचारिक संबंध शालान्त परीक्षेबरोबरच संपला. अशा माणसाने रंगाईच्या धंद्यात मुरलेल्या मंडळींसमोर उभे राहून संख्याशास्त्रावर बोलावे, हे धाडस आहे. परंतु ज्या प्रश्नावर आज बोलायचे आहे, तो मला प्रथम दिसला तो रंगाच्या कारखान्यात नव्हे, तर वृत्तपत्राच्या कचेरीत. म्हणून तेथूनच प्रारंभ करतो.

उमेदीच्या काळात मी एका दैनिकात मुद्रितशोधनाचे काम करीत असे. आमचे संपादक रोज सकाळी अंक समोर घेऊन चुकांभोवती लाल वर्तुळे काढीत. ज्या दिवशी वर्तुळे फार होत, त्या दिवशी आम्हा सर्वांची खरडपट्टी निघे. दुसऱ्या दिवशी चुका हटकून कमी असत. संपादकांची खात्री पटे की, ओरडल्याशिवाय काम सुधारत नाही. एखाद्या दिवशी चुका अगदीच थोड्या असल्या, तर ते चहा मागवून पाठ थोपटीत. दुसऱ्या दिवशी चुका वाढलेल्या असत. मग ते म्हणत, “कौतुक केले की माणसे शेफारतात.” बिचारे सज्जन गृहस्थ होते; पण तीस वर्षांच्या अनुभवातून त्यांनी एक संपूर्ण चुकीचा सिद्धांत शिकून घेतला होता. फार वाईट दिवसानंतरचा दिवस बहुधा सरासरीच्या जवळ येतो आणि फार चांगल्या दिवसानंतरचाही येतो. ओरडा वा ओरडू नका, चहा पाजा वा पाजू नका. हे मला पुष्कळ वर्षांनी, संख्याशास्त्रावरचे एक साधे पुस्तक वाचताना कळले. आणि त्या दिवशी अनुभव आणि ज्ञान या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही कळले.

खिडकीजवळचा मास्तर

पुढे बातमीदारीच्या निमित्ताने एका लहानशा प्रोसेस हाऊसमध्ये दोन दिवस काढण्याचा योग आला. गाव आणि नाव सांगत नाही. कारण जे तेथे पाहिले, ते कोठेही पाहायला मिळेल. यंत्रातून लॉट उतरला. डाइंग मास्तरांनी ओला तुकडा पिळून, वाळवून, उत्तरेकडील खिडकीशी नेला आणि पार्टीच्या नमुन्याला लावला. कपाळावर आठी पडली. शेड किंचित लाल गेली होती. पुन्हा थोडा रंग घालून टॉपिंग झाले. तरी जमेना. अखेर रंग काढून टाकून सारा लॉट नव्याने रंगवण्याचे ठरले. मालक खाली आले आणि मास्तरांना सर्वांदेखत बोलले. मास्तर गप्प राहिले. संध्याकाळी मला म्हणाले, “साहेब, काल हीच रेसिपी, हेच यंत्र, हाच मी. काल शेड बसली. आज नाही बसली. यात माझे काय चुकले, ते मलाच कळले तर बरे होईल.”

त्या प्रश्नात सगळे काही आले. रेसिपी तीच, यंत्र तेच, माणूस तोच. मग शेड वेगळी का? आणि या वेगळेपणात मास्तरांचा वाटा किती, आणि कापडाचा, पाण्याचा, वाफेचा, तराजूचा, दमट हवेत ओल धरलेल्या रंगाच्या भुकटीचा वाटा किती? याचे उत्तर रागाने मिळत नाही, निष्ठेने मिळत नाही, आणि नुसत्या अनुभवानेही मिळत नाही. ते मिळवण्याची एक रीत आहे. ती रीत रंगाच्याच धंद्यात वाढली आणि एकदा आपल्या देशातही येऊन गेली. मग ती आपल्या हातून निसटली कशी, हे सांगण्यासाठी मी आज येथे आलो आहे.

एकाच आवारात जन्मलेल्या दोन गोष्टी

इचलकरंजीला आपण अभिमानाने महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतो. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या जहागिरीच्या काळात, १९०४ साली, विठ्ठलराव दातारांनी येथे पहिला यंत्रमाग आणला आणि त्या एका मागातून हे शहर उभे राहिले. तेव्हा मँचेस्टरशी आपले नाते जुने आहे. त्या खऱ्या मँचेस्टरच्या उत्तरेला ब्लॅक्ली नावाचा भाग आहे. तेथे इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीचा रंगद्रव्य विभाग होता.

तुम्ही आज सुती कापडावर जो रिॲक्टिव्ह रंग चढवता, त्याचा शोध याच विभागात लागला. रॅटी आणि स्टीफन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी असा रंग सिद्ध केला की, जो धाग्याला केवळ चिकटत नाही, तर अल्काच्या साहाय्याने धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो. १९५६ साली ‘प्रोसियन’ या नावाने तो बाजारात आला. त्या रंगाने सुती कापडाचे जग बदलले. तुमचा व्यवसाय त्यावर उभा आहे.

परंतु त्याच वर्षांत, त्याच विभागात आणखी एक मनुष्य काम करीत होता. त्याचे नाव जॉर्ज बॉक्स. हा मूळचा रसायनशास्त्राचा विद्यार्थी. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या प्रयोगशाळेत विषारी वायूंच्या परिणामांचे प्रयोग चालत. त्या प्रयोगांचे निष्कर्ष दरवेळी निरनिराळे येत आणि त्यांचा अर्थ लावायला कोणी संख्याशास्त्रज्ञ मिळेना. तेव्हा बॉक्सने पुस्तके मिळवून स्वतःच ते शास्त्र शिकायला आरंभ केला. युद्धानंतर त्याने त्याचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९४८ पासून सुमारे आठ वर्षे तो ब्लॅक्लीला होता. रंगद्रव्यांच्या कारखान्यात उतारा कमी-जास्त का होतो, तापमान, वेळ आणि रसायनांचे प्रमाण यांची सर्वोत्तम जुळणी थोड्यात थोड्या प्रयोगांत कशी शोधावी, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. विल्सन या रसायनशास्त्रज्ञाबरोबर त्याने १९५१ साली यावर जो निबंध वाचला, तो आज जगभरच्या उद्योगांत प्रमाण मानला जातो. २०१३ साली बॉक्स वारला, तेव्हा तो विसाव्या शतकातील थोर संख्याशास्त्रज्ञांत गणला जात होता.

म्हणजे पाहा. एकाच विभागातून दोन गोष्टी बाहेर पडल्या. एक, रंग. दुसरी, रंगाचे काम सुधारण्याची रीत. आपण रंग आणला. रीत तेथेच राहिली.

आपल्याकडे आलेली आणि विसरलेली

‘हे सगळे परदेशी आहे, आपल्याला कसे जमणार,’ असे कोणी म्हणेल, तर त्याला आपल्याच देशाचा इतिहास सांगावा लागेल. गुणवत्तेच्या नियंत्रण आलेखाचा जनक वॉल्टर शूहार्ट. अमेरिकेत दूरध्वनी यंत्रे बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत १६ मे १९२४ रोजी त्याने आपल्या वरिष्ठांना एक पानभर टिपण दिले. त्या टिपणात पहिला नियंत्रण आलेख होता. हाच शूहार्ट, देश स्वतंत्र झाल्यानंतर काही महिन्यांतच, १९४७-४८ च्या हिवाळ्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून भारतात आला होता. महालनोबिसांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली होती. ज्या देशाला अजून स्वतःची राज्यघटना नव्हती, त्या देशाने गुणवत्तेचे शास्त्र शिकायला प्रारंभ केला होता, हे आपण विसरता कामा नये.

त्याच संस्थेत सी. आर. राव होते. दक्षिणेतील हडगली येथे जन्मलेल्या या गणितज्ञाने विसाव्या शतकाच्या चाळिशीत प्रयोगांच्या मांडणीचे असे कोष्टक शोधून काढले की, अनेक घटक एकाच वेळी तपासता यावेत आणि तरी प्रयोगांची संख्या मोजकीच राहावी. १९५४-५५ मध्ये जपानचे गेनिची तागुची कोलकात्याच्या या संस्थेत होते. पुढे तागुचींच्या नावाने जी पद्धत जगभर गेली, तिच्या गाभ्याशी हीच कोष्टके आहेत. २०२३ साली, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी राव यांचे निधन झाले. आपल्यापैकी किती जणांनी त्या दिवशी ती बातमी वाचली? मी स्वतःला यातून वगळत नाही.

कापड-धंद्यातही हे शास्त्र आले होते. अहमदाबादेत १९४७ साली ‘अटिरा’ ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था निघाली. तरुण विक्रम साराभाई तिचे पहिले संचालक. मुंबईत ‘बिट्रा’, कोइंबतूरला ‘सिट्रा’ अशा संस्था पाठोपाठ उभ्या राहिल्या. त्यांच्या प्रयत्नांतून मोठ्या गिरण्यांत गुणवत्ता नियंत्रणाचे विभाग निघाले. तेथे सूत मोजले जाई, तुटणारे धागे मोजले जात, आलेख भिंतीवर लागत.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्या संपाचे राजकारण हा आजचा विषय नाही. पण त्यानंतर कापडाचा धंदा वेगाने भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे सरकला. माग आले, सूत आले, व्यापारी आले, रंगाई आली. गिरणीच्या कोपऱ्यातील ती खोली, जेथे एक मनुष्य आकडे लिहीत बसलेला असे, ती मात्र आली नाही. लहान कारखान्याला ती परवडेल, असे कोणाला वाटले नाही. माझे म्हणणे असे की, लहान कारखान्याला ती नसणेच परवडत नाही.

शंभर लॉटांचा हिशेब

आता प्रत्यक्ष रीतीकडे येतो. शास्त्राची पुस्तके जाडजूड असतात. पण पहिली पायरी एका वहीत मावते.

समजा, तुमच्या कारखान्यात आठवड्याला शंभर लॉट रंगतात. आणि समजा, गेले पाच-सहा महिने पाहता त्यातील सरासरी बारा लॉट पुन्हा करावे लागतात. एका आठवड्यात ही संख्या सतरा झाली. मालक संतापतात. पुढच्या आठवड्यात आठ झाली. मालक प्रसन्न होतात. दोन्ही वेळा ते माझ्या संपादकांसारखेच फसतात. कसे, ते पाहा. बारा बिघडलेले, अठ्ठ्याऐंशी चांगले. बारा गुणिले अठ्ठ्याऐंशी, भागिले शंभर; उत्तर साडेदहाच्या आसपास. त्याचे वर्गमूळ सव्वातीन. त्याची तिप्पट पावणेदहा. सरासरी बारामध्ये ती मिळवा आणि वजा करा. वरची मर्यादा साधारण बावीस, खालची दोन. याचा अर्थ असा की, कारखान्यात काहीही बदल झालेला नसताना आठवड्याचा आकडा दोन ते बावीस यांच्या दरम्यान आपोआप हलत राहील. सतरा झाले म्हणून कोणी पाप केले नाही. आठ झाले म्हणून कोणी पुण्य केले नाही. तेवीस झाले, किंवा सलग आठ-नऊ आठवडे आकडा सरासरीच्या एकाच बाजूला राहिला, तर मात्र उठा आणि शोधा. काही तरी निश्चित घडले आहे. पाण्याचा टँकर बदलला असेल, सोड्याची नवी खेप आली असेल, तापमापक बिघडला असेल.

शूहार्टने शिकवलेला हा मूळ भेद आहे. कमी-जास्तपणाची कारणे दोन प्रकारची. एक, विशेष कारण. ते त्या दिवसाचे, त्या खेपेचे, त्या यंत्राचे असते. यंत्रावरचा माणूस ते शोधू शकतो. दुसरे, सामान्य कारण. ते व्यवस्थेतच मुरलेले असते. ग्रे कापड दहा ठिकाणांहून येते आणि त्याची सायझिंग निघाली किती, हे कोणी तपासत नाही. पाणी कधी नदीचे, कधी बोअरचे, त्याचा जडपणा रोज वेगळा. रंग तोलण्याचा तराजू वर्षभर कोणी तपासलेला नाही. रात्रपाळीत शेड पाहायला योग्य दिवा नाही. यातले मास्तरांच्या हाती काय आहे? दर आठवड्याला बाराची सरासरी ही मास्तरांची नव्हे, व्यवस्थेची आहे. आणि व्यवस्था बदलण्याचा अधिकार मालकाकडे असतो. म्हणून सरासरीसाठी मास्तरांना बोलणे हा अन्याय तर आहेच, शिवाय तो निरुपयोगी आहे.

येथे आणखी एक सापळा आहे. शेड लाल गेली की मास्तर पुढच्या लॉटला लाल थोडा कमी करतात. मग ती हिरवट जाते. मग पुन्हा वाढवतात. वरवर पाहता हा दक्षपणा. परंतु जर फरक सामान्य कारणांचा असेल, तर प्रत्येक लॉटनंतर त्या लॉटच्या चुकीइतके उलटे वळण देण्याने विचरण दुप्पट होते. हे गणिताने सिद्ध झालेले आहे आणि अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग नरसाळ्यातून गोट्या टाकून ते श्रोत्यांना दाखवीत असत. आपण प्रामाणिकपणे, घाम गाळून, काम बिघडवत असतो. रेसिपीला हात केव्हा लावावा यापेक्षा केव्हा लावू नये, हे आलेख सांगतो.

या गावाला गाण्याची परंपरा आहे, म्हणून एक दाखला देतो. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा याच गावाच्या नावाने, इचलकरंजीकर म्हणून, ओळखले गेले. कान कितीही तयार असला तरी ख्यालगायक तंबोऱ्याशिवाय बसत नाही. त्याने त्याच्या कानाचा अपमान होत नाही. मास्तरांच्या डोळ्याला आलेखाची जोड देणे, हे तसेच आहे.

आरंभ कोठून करावा

आता काही जण म्हणतील, यासाठी संगणक हवा, तज्ज्ञ हवा, पैसा हवा. पुढे हवाच. पण आरंभ वहीने होतो. प्रत्येक लॉटची एक ओळ. तारीख, पाळी, यंत्र, कापड कोणाचे, शेड कोणती, पाणी कोणते, पहिल्याच फेरीत बसली की नाही, नसल्यास काय झाले. एवढेच. तीन महिन्यांनी वही उघडून मोजणी करा. बहुधा असे आढळेल की, पुन्हा कराव्या लागणाऱ्या लॉटांचा मोठा वाटा थोड्याच शेडांचा आहे. टर्क्वाइज, करडा, खाकी ही नावे मी तुम्हाला सांगायला नकोत. टर्क्वाइज धाग्यावर संथ चढतो. करड्या-खाकीत तीन रंगांपैकी एक जरी तसूभर सरकला तरी डोळ्याला दिसतो. तेव्हा सर्वत्र एकदम न लढता प्रथम या तीन-चार किल्ल्यांना वेढा घाला.

दुसरी गोष्ट, मोजमाप. सुधारणेपूर्वी मोजणाऱ्याला मोजा. ज्यांच्याकडे शेड मोजणारे स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, त्यांनी एकच तुकडा दहादा काढून-ठेवून मोजावा. तुकडा ओला आहे की कोरडा, गरम आहे की निवलेला, किती घड्यांचा आहे, यावर आकडा बदलतो. पार्टीने एका एककाचा फरक चालेल म्हटले आणि तुमच्या मोजणीतच अर्ध्याचा फरक असला, तर तुम्ही रंगाशी नव्हे, यंत्राशी भांडत आहात. आणि हे लक्षात असू द्या की, पार्टीने दिलेली मर्यादा आणि आलेखाची मर्यादा या भिन्न गोष्टी आहेत. एक गिऱ्हाइकाची मागणी, दुसरी तुमच्या व्यवस्थेची कुवत. कुवत मागणीपेक्षा कमी असेल, तर ओरडून ती वाढत नाही.

तिसरी पायरी प्रयोगांची. रंग नीट बसत नाही म्हणून आपण काय करतो? आज तापमान बदलून पाहतो, उद्या मीठ, परवा सोडा. एका वेळी एक. हे शास्त्रशुद्ध वाटते; पण त्यात घटकांचे परस्परसंबंध हरवतात. तापमान थोडे वाढवले तर चालते, सोडा थोडा वाढवला तरी चालते. पण दोन्ही एकदम वाढवले की रंग धाग्याशी जुळण्याऐवजी पाण्याशीच जुळून वाया जातो. असे हे नाते एकेक घटक हलवून दिसत नाही. त्याऐवजी तापमान, मीठ आणि सोडा यांच्या प्रत्येकी दोन पातळ्या घ्या. त्यांच्या आठ जुळण्या होतात. लॅबमध्ये काही ग्रॅमच्या तुकड्यांवर आठ प्रयोग, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला, शक्य तर दोनदा. एका दिवसात तुम्हाला तिन्ही घटकांचे स्वतंत्र परिणाम आणि त्यांचे परस्परसंबंधही कळतात. ब्लॅक्लीत बॉक्सचे काम याच पायावर उभे होते. आणि नंतर त्याने सुचवले की, चालू उत्पादनातही माल बिघडणार नाही इतके लहान, ठरवून केलेले बदल करीत राहावे, म्हणजे कारखाना मालाबरोबर ज्ञानही उत्पन्न करील.

आणि जपानची एक गोष्ट सांगून हा भाग संपवतो, कारण ती लहान उद्योजकाला धीर देणारी आहे. १९५३ च्या सुमारास इना या फरशा बनवणाऱ्या कंपनीची भट्टी सर्वत्र सारखी तापत नसे. कडेच्या फरशा वेगळ्या मापाच्या निघत. नवी भट्टी बांधायची तर मोठा खर्च. त्यांनी प्रयोगांची मांडणी केली आणि आढळले की, मातीतील चुनखडीचे प्रमाण एक टक्क्यावरून पाच टक्के केले की तापमानाच्या फरकाचा फरशीवर परिणामच फारसा होत नाही. भट्टी तीच राहिली. तुम्हालाही नदीचे पाणी बदलता येणार नाही, दहा ठिकाणचे ग्रे कापड एकसारखे करता येणार नाही. पण त्या फरकांना दाद न देणारी रेसिपी शोधता येईल. वस्त्र-अभियांत्रिकीचे शिक्षण देणारे महाविद्यालय याच गावात आहे. तेथील मुलांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात. त्यांना आपली वही द्या.

भयाची शाई

या साऱ्याला एकच गोष्ट हाणून पाडू शकते. ती म्हणजे भय. ज्या वहीतील आकड्यावरून पगार कापला जातो, त्या वहीत खरा आकडा कधी येत नाही. लॉट बिघडला तर रात्रीत गुपचूप टॉपिंग होईल आणि वहीत ‘ठीक’ असे लिहिले जाईल. मग तो आलेख सुंदर दिसेल आणि खोटा असेल. तेव्हा मालकांना माझी हात जोडून विनंती आहे. वही सुरू करण्याच्या दिवशी सर्वांना एकत्र बोलवा आणि शब्द द्या की, या वहीतील एकाही ओळीसाठी कोणाला शिक्षा होणार नाही. आणि तो शब्द पाळा. सत्य लिहिण्याची मुभा ही संख्याशास्त्राची पहिली यंत्रसामग्री आहे. तिला एक रुपयाही पडत नाही, पण अहंकाराची किंमत मोजावी लागते.

मास्तर मंडळींनाही सांगतो. वही म्हणजे तुमच्यावरचा पहारेकरी नव्हे. तीस वर्षे तुम्ही जे डोळ्यात आणि बोटांत साठवले, ते तुमच्याबरोबर निवृत्त होऊन जाऊ नये, यासाठी ती आहे. आपल्याकडे कारागिरीचे पुष्कळ ज्ञान असेच गुरूबरोबर लुप्त झाले. जे लिहिले गेले, तेच उरले.

पाणी पुढे जाते

अखेरीस, हा प्रश्न केवळ नफा-तोट्याचा असता, तर मी एवढा वेळ घेतला नसता.

शंभर किलो कापड जेट यंत्रात एकास आठ प्रमाणाने रंगवले, तर रंगाच्या एका पाण्याला आठशे लिटर लागतात. गडद शेडला लिटरमागे साठ ग्रॅम मीठ धरले, तर अठ्ठेचाळीस किलो मीठ होते. शंभर किलो कापडाला अठ्ठेचाळीस किलो मीठ! ते कापडात राहत नाही. सारे पाण्याबरोबर बाहेर जाते, आणि जिवाणूंच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करणारी नेहमीची यंत्रणा मीठ काढू शकत नाही. जुन्या धर्तीच्या रिॲक्टिव्ह रंगाचाही पाचवा हिस्सा, कधी त्याहून अधिक, धाग्यावर न बसता वाहून जातो. आधीची खळ काढणे, ब्लीचिंग, नंतरच्या धुलाया यांचे पाणी निराळेच. आता तो लॉट उतरवून पुन्हा रंगवा. अठ्ठेचाळीस किलो मीठ पुन्हा, वाफ पुन्हा, पाणी पुन्हा. आणि कापडाची ताकद मात्र कमी. पहिल्या फेरीत न बसलेला प्रत्येक लॉट नदीला दोनदा रंगवतो.

ती नदी पंचगंगा आहे. येथून ती थोडी पुढे जाते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. त्या संगमावर महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून माणसे येतात, पाण्यात उतरतात, ओंजळ भरून घेतात. आपण नदीला माता म्हणतो. मातेची आरती करणे सोपे. आपल्या कारखान्यातून तिच्याकडे काय जाते, ते वहीत लिहिणे अवघड. सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा हवीच, कायद्याचे पालन हवेच, त्यातून सुटका नाही. पण जे पाणी बिघडलेच नाही, ते शुद्ध करावे लागत नाही. बारा लॉटांची सरासरी सहावर आली, तर तेवढे मीठ, तेवढा रंग नदीकडे निघणारच नाही. त्यासाठी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही.

आपल्या भाषेत ‘रंगकर्मी’ म्हटले की नाटकवाला आठवतो. माझ्या मते त्या शब्दावर तुमचाही हक्क आहे. कर्म करणाऱ्याने आपल्या कर्माचा हिशेब ठेवावा, एवढेच मागणे घेऊन मी आलो होतो. या सोमवारी सकाळी पहिला लॉट यंत्रात जाण्यापूर्वी एक कोरी वही यंत्राशेजारी दोरीने बांधा. पहिली ओळ मास्तरांनी लिहावी आणि तिच्याखाली मालकांनी सही करावी. सहा महिन्यांनी मी पुन्हा येईन. भाषण करणार नाही. फक्त वही पाहायला मागेन.